डिझेल फिल्टरला हवा मारून पैसे वाचत नाहीत

लोडरवाल्यांच्या (माती-खडी उचलणारी मशीन चालवणाऱ्यांच्या) ग्रुपवर 'सर्व्हिसचा खर्च निम्मा करा' असा एक मेसेज सध्या जोरात फिरतोय. त्यातलं म्हणणं असं: बोटांना चिकट लागतंय तोवर ऑइल बदलू नका, काळं पडलं तरी घाबरू नका, एअर फिल्टर रोज काढून हवा मारा, डिझेल फिल्टरही हवेने साफ करून परत लावा, नवा लावलाच तर कॅनमधल्या डिझेलने भरून लावा, आणि इंजिनात डिझेल फवारणारे नोझल साफ राहावेत म्हणून टाकीत थोडं रॉकेल टाका.

ऑइलबद्दल अर्धी गोष्ट खरी आहे. डिझेल इंजिनाचं ऑइल काजळीने लवकर काळं होतं, कारण काजळी कुठे साचू न देता स्वतःत धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. पण ही ताकद किती उरली, हे बोटांना कळत नाही. त्यासाठी मशीन किती तास चाललं ते दाखवणारा आवर मीटर आहे. मॉडेलप्रमाणे 250 किंवा 500 तास, जे मशीनच्या पुस्तकात असेल ते पाळा. डिपस्टिकवर, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवर, बघायचं ते वेगळंच: लेव्हल आपोआप वाढली आणि डिझेलचा वास आला, तर ऑइलमध्ये डिझेल उतरतंय, दुधाळ दिसलं, तर पाणी. दोन्हीत मशीन लगेच बंद करा.

एअर फिल्टरचा सल्ला सगळ्यात महागात पडणारा आहे. क्रशरवर किंवा मुरमाच्या कामावर फिल्टर रोज उघडावासा वाटतो, हे मी समजू शकतो. पण प्रत्येक वेळी उघडताना हाउसिंगमधली थोडी धूळ आतल्या बाजूला पडतेच. त्यात कॉम्प्रेसरची जोरदार हवा जवळून मारली की कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात. फिल्टर वरून स्वच्छ दिसतो आणि धूळ थेट सिलिंडरच्या आतल्या लायनर-रिंगांवर जाते. मग मशीन ऑइल खायला लागतं, धूर मारतं, आणि मालक ऑइलच्या कंपनीला दोष देतो. फिल्टर चोक झाल्याचा इंडिकेटर लागला की मगच उघडा, आणि आतला छोटा सेफ्टी फिल्टर कधीच साफ करू नका. तो फक्त बदलायचा असतो.

डिझेल फिल्टरला हवा मारणं तर पूर्ण चूक. हवेने कागद फाटतो, नाहीतर कचरा स्वच्छ बाजूला जातो. कॉमन रेल इंजिनात (सगळ्या नोझलना एकाच पाइपमधून जोराने डिझेल देणाऱ्या) डिझेलचं प्रेशर हजार बारच्या वर असतं आणि नोझलमधली फट काही मायक्रॉनची. तिथे डोळ्यांना न दिसणारा कणही ओरखडा काढतो. कॅनमधलं डिझेल ओतणंही त्याचसाठी नको, ते गाळलेलं नसतं. फिल्टर कोरडा लावा, हँड प्रायमरने (हाताने दाबायच्या छोट्या पंपाने) डिझेल चढवा, लाइनमधली एअर काढा आणि मग स्टार्टर मारा. यात जाणारी चार-पाच मिनिटं नोझलच्या बिलापुढे काहीच नाहीत.

रॉकेलाने नोझल साफ होत नाहीत. पंपाचे आणि नोझलचे भाग डिझेलच्याच वंगणावर चालतात, आणि रॉकेलात ते वंगण कमी असतं. आजच्या बीएस-6 डिझेलमध्ये सल्फर जेमतेम 10 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत दहा, असतं. सल्फर काढताना डिझेलचं नैसर्गिक वंगणही कमी होतं, ते रिफायनरीत वरून टाकावं लागतं. त्यात रॉकेल घालून आपण ते पुन्हा पातळ करतो.

खर्च खरोखर वाचवायचा असेल, तर पाण्याकडे बघा. मेसेजमध्ये त्यावर एक ओळही नाही. डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या वॉटर सेपरेटरचा खालचा कॉक रोज सकाळी, मशीन सुरू करण्याआधी, स्वच्छ डिझेल येईपर्यंत उघडा. टाकी संध्याकाळी काम संपल्यावर भरा. रिकामी ठेवली तर रात्रीच्या गारव्याने आतल्या हवेतली वाफ पत्र्यावर पाणी होऊन उतरते. साइटवर ड्रम असेल, तर पंपाची नळी तळापासून चार बोटं वर ठेवा, आणि पावसात ड्रम उघड्यावर उभा सोडू नका. झाकणावर पाणी साचतं आणि ड्रम रात्री गार पडला की ते बुचातून आत ओढलं जातं.