लिटरला दोन चमचे अरबी समुद्र

परवा सकाळी आत्याचा फोन. ‘अगं, बटाट्याला मीठ मारून चार दिवस झाले, पानं आणखीच काळी पडलीत. गुण यायला किती दिवस लागतात गं?’ मी आधी ऐकण्यात चूक झाली असं धरलं. पंचवटीत तिच्या गच्चीवर अकरा ग्रो बॅगांत बटाटा आहे, दिवाळीनंतर लावलेला, आणि शेजारी टोमॅटोच्या चार कुंड्या. मी मखमलाबादला राहते. हाक मारली असती तर वीस मिनिटांत पोचले असते. पण आत्याने मला विचारलं नाही, ग्रुपवरच्या फॉरवर्डला विचारलं. तो घरच्या ग्रुपवर आठवड्यात तीनदा येऊन गेलाय आणि प्रत्येक वेळी खाली हात जोडलेल्यांची रांग.

ज्यांच्यापर्यंत अजून पोचला नसेल त्यांच्यासाठी मजकूर थोडक्यात: ‘बटाटा-टोमॅटोचा करपा ३ दिवसांत गायब! एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे मीठ, एक चमचा धुण्याची पावडर, आठवड्यातून दोनदा फवारा. खोडातून तांब्याची तार आरपार घाला. करपा खत कमी पडल्याने येतो. रोगट झाडं खड्ड्यात टाका, सोन्यासारखं खत होईल. डागाळलेले बटाटे कापून चांगला भाग बियाण्याला ठेवा. १८४५ साली आयर्लंडच्या शेतकऱ्यांनी याच उपायाने पीक वाचवलं. विषारी औषधं टाळा, पुढे पाठवा.’

आयर्लंडचं आधी उरकते. १८४५ मध्ये तिथे हाच करपा, म्हणजे पानं काळी पाडून बटाटे सडवणारा रोग, आला आणि पीक उभ्याचं आडवं सडलं. पुढच्या काही वर्षांत सुमारे १० लाख माणसं उपासमारीने आणि रोगांनी मेली, जवळपास तितकीच देश सोडून गेली. मुळात करपा कशाने होतो हेच तेव्हा नक्की माहीत नव्हतं. ते आंतोन द बारी या जर्मन शास्त्रज्ञाने १८६१ मध्ये सिद्ध केलं आणि पुढे १८७६ मध्ये त्या जिवाला नाव दिलं फायटॉफ्थोरा, म्हणजे झाडाचा नाश करणारा. एवढा मोठा आकांत कुणीतरी यशोगाथा म्हणून लिहितो आणि आपण त्याला हात जोडतो.

आता मीठ. दोन मोठे चमचे म्हणजे साधारण ३५ ग्रॅम. अरबी समुद्राच्या एक लिटर पाण्यात जवळजवळ तेवढंच मीठ असतं. म्हणजे आत्याने गच्चीवर समुद्राचं पाणी फवारलं, दोनदा, आणि फवारून उरलेलं ‘वाया कशाला घालवायचं’ म्हणून बुंध्याशी ओतलं. मीठ पानातलं पाणी ओढून घेतं, कडा जळतात. मातीत उतरलं की मुळांना पाणी उचलता येत नाही. बॅग ओली आणि झाड तहानलेलं. धुण्याच्या पावडरीने पानावरचा मेणाचा थरही सुटतो. शेतात निदान पावसाने थोडंफार धुऊन जाईल, पण फूटभर रुंदीच्या बॅगेतून मीठ जाणार कुठे? बोअरचं पाणी जरा खारट लागलं तरी आमच्याकडचे द्राक्षवाले ते तपासायला पळतात, आणि इथे मीठ विकत आणून घालायचं! मी गेले तेव्हा बॅगांच्या काठावर पांढरा थर बसला होता. आत्याने नखाने खरवडून जिभेला लावला आणि काही बोलली नाही.

‘पण आमच्याकडे खरंच गुण आला’ असं म्हणणारे भेटतात, आणि ते खोटं बोलत नसतात. हा करपा, ज्याला उशिरा येणारा करपा म्हणतात, ओलाव्यावर जगतो. ढगाळ हवा, धुकं, थंड रात्री, पानावर तासन्‌तास टिकलेलं दव असलं की आठवडा-दहा दिवसांत वाफा झोपतो. उघडीप झाली, दुपारचं ऊन कडक लागलं की तो आपोआप थबकतो. ऊन पडलं त्याचं श्रेय मिठाला गेलं, एवढंच. शिवाय मिठाने रोगट पान जळून वाळलं तर त्यावरची बुरशीही दिसेनाशी होते. बुरशी म्हणतेय खरी, पण हा जीव खऱ्या बुरशांतलाही नाही. द्राक्षावरच्या डाऊनी रोगाच्या गोतातला आहे, पाण्यात पोहणारे बीजाणू सोडणारा.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करते. धुण्याच्या पावडरीमागचा सोडा अगदीच हवेतून आलेला नाही. खायच्या सोड्याचा भुरीवर, म्हणजे पानावर पांढरी पूड धरणाऱ्या रोगावर, थोडाफार उपयोग होतो, पण भुरी वेगळी आणि करपा वेगळा. आणि धुण्याचा सोडा मोरचुदाबरोबर, म्हणजे तांब्याच्या निळ्या क्षाराबरोबर, मिसळून पूर्वीपासून वापरतात, त्याला बर्गंडी मिश्रण म्हणतात. मला वाटतं पुढे पाठवता पाठवता कुणीतरी मोरचूद गाळलं, सोड्याची पावडर केली आणि मीठ पदरचं घातलं.

तारेचंही तसंच. तांबं करप्याला चालतं, हे खरं. पण ते पानाच्या पृष्ठभागावर हवं, बीजाणू रुजण्याआधी. खोडात खुपसलेली तार पानावर काय करणार? झाडाला भोक मात्र पडतं आणि त्यातून सड आत जायला वाट मिळते. तांब्याची खरी युक्ती नाशिककराला फ्रान्सच्या गोष्टीतून सांगायची तरी कशाला? तरी सांगते. बोर्दो भागात रस्त्याकडेची द्राक्षं चोरीला जाऊ नयेत म्हणून वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडायचे. त्याच वेलींवर डाऊनी नाही, हे मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या लक्षात आलं आणि १८८५ मध्ये त्यांनी ते मिश्रण जाहीर केलं. तेच आपलं बोर्डो मिश्रण. ते करप्यालाही चालतं.

बोर्डो करायचं तर पाच लिटर पाण्याला ५० ग्रॅम मोरचूद, ५० ग्रॅम कळीचा चुना. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या बादल्यांत भिजवायचं, मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ओतत ढवळत राहायचं. लोखंडी भांडं नको. शेजारचे द्राक्षवाले नाना त्यात विळ्याचं टोक मिनिटभर बुडवतात. टोकावर लालसर तांबं चढलं तर चुना कमी आहे, आणखी घाला. त्याच दिवशी फवारून संपवायचं. तांबंही मातीत साठतं, तेव्हा हौस म्हणून दर आठवड्याला मारू नका.

खत कमी पडल्याने करपा येतो म्हणे. उलट नत्र जास्त झालं की पाला दाटतो, वारं खेळत नाही, ओल टिकते. पुढे जाऊ.

खड्ड्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. हा जीव जिवंत पेशींवर जगतो, पान पूर्ण कुजलं की तोही संपतो. बटाट्याचं तसं नाही. खड्ड्यात पडलेला रोगट बटाटा मरत नाही, कोंब काढतो आणि रोग नव्या पाल्यावर चढवतो. म्हणून ‘चांगला भाग बियाण्याला’ हे वाक्य मला मिठाइतकंच घातक वाटतं. डाग असलेला बटाटा चांगला भाग बघून आजच भाजीत घाला. पुढच्या वर्षीचं बेणं त्यातून नको.

‘विषारी औषधं टाळा’ ही भीती मला समजते, घरचं खाणं आहे. पण शिमल्याची केंद्रीय बटाटा संशोधन संस्था, जिचं कामच बटाटा आहे, ती सांगते: रोग दिसण्याआधी, हवा ढगाळली की मॅन्कोझेब हे बुरशीनाशक लिटरला २ ग्रॅम, रोग दिसल्यावर सायमोक्सॅनिल या दुसऱ्या बुरशीनाशकाचं आणि मॅन्कोझेबचं मिश्रण ३ ग्रॅम. पुडीवर फवारणी ते काढणी किती दिवस थांबायचं ते छापलेलं असतं, ते पाळा. काळं पडलेलं पान कशानेच हिरवं होत नाही. औषध असतं ते शेजारच्या निरोगी पानासाठी.

आणि बघायचं कसं? सकाळी सातच्या आत पान उलटं करा. डाग उकडल्यासारखा ओलसर काळपट आणि त्याच्या कडेला पांढरी लव दिसली तर तो हाच. दहाच्या उन्हात ती लव दिसत नाही. डागात गोल गोल वळी असतील तर तो लवकर येणारा करपा, त्याची एवढी घाई नसते.

आत्याच्या अकरांपैकी पाच बॅगांचा पाला आम्ही जमिनीलगत कापला. त्यातले बटाटे दोन आठवडे तसेच राहतील, साल घट्ट होईल. पण आधी सगळ्याच बॅगांतून भरपूर पाणी सोडून मीठ खालून काढलं. गच्चीचा पाइप दुपारपर्यंत वाहत होता. उरलेल्यांना वरून कोरड्या मातीची भर दिली. पाणी यापुढे सकाळी आणि बुंध्याशी, पानांवर नाही.

संध्याकाळी तो फॉरवर्ड चौथ्यांदा आला. पाठवणारे आमचे काका, आत्याचे सख्खे भाऊ. आत्याने त्याखाली मिठाचा थर बसलेल्या बॅगेचा फोटो टाकला. अजून तरी कुणी हात जोडलेले नाहीत.