मेटाकॅस्पेज म्हणजे वनस्पतींचं कॅस्पेज नव्हे

‘वनस्पतींच्या पेशी प्राण्यांसारख्याच कॅस्पेजने मरतात, मेटाकॅस्पेज हे त्यांचं कॅस्पेज, आणि डीईव्हीडी तुटलं की झाला पुरावा’ हा दावा नोट्समधून सर्रास फिरतो. कॅस्पेज म्हणजे प्राण्यांच्या पेशींचा नियोजित मृत्यू घडवणारं प्रोटिएज, म्हणजे प्रथिनं कापणारं एन्झाइम. डीईव्हीडी हा त्याची क्रिया मोजायला वापरतात तो चार अमिनो आम्लांचा तुकडा.

आधी नात्याबद्दल. दोघांची घडण मिळतीजुळती, क्रियास्थानी हिस्टिडीन आणि सिस्टीनची जोडीही तीच. पण कॅस्पेज ॲस्पार्टेटनंतर कापतं, मेटाकॅस्पेज आर्जिनीन किंवा लायसीननंतर. एक अमिनो आम्ल ऋणभारित, दुसरी दोन धनभारित. त्यामुळे मेटाकॅस्पेज डीईव्हीडीला हात लावत नाही. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या वनस्पतीत मेटाकॅस्पेजची ९ जनुकं आहेत, खऱ्या कॅस्पेजचं एकही नाही.

मग वनस्पतींच्या अर्कात डीईव्हीडी तुटतं ते कशामुळे? प्रोटिएसोम या प्रथिनं मोडणाऱ्या यंत्रणेचं पीबीए१ उपएकक ते कापतं, कॅथेप्सिन बी हे प्रोटिएजसुद्धा. कॅस्पेजसाठीचे असेच दुसरे तुकडे घ्या: वायव्हीएडी कापतं रिक्तिकेतलं व्हीपीई हे एन्झाइम, आणि व्हीईआयडी कापतं फायटॅस्पेज, जे सेरीन प्रोटिएज आहे. म्हणजे ‘कॅस्पेजसारखी क्रिया’ खरी, पण ती करणारी एन्झाइम भलतीच.

प्रयोग फसतो तो बहुधा इथे. ऊती वाटताना रिक्तिका फुटते आणि सामू ५.५ च्या आसपास काम करणारी तिची एन्झाइम अर्कात मिसळतात. म्हणून एकच अर्क सामू ५.५ आणि ७.५ अशा दोन्हींवर तपासा. मेटाकॅस्पेज मोजायचं तर व्हीआरपीआरसारखा आर्जिनीनवर संपणारा सबस्ट्रेट (एन्झाइमने कापायचा तुकडा) घ्या आणि पपेनवर्गीय प्रोटिएज बंद करायला ई-६४ हा इनहिबिटर (रोधक) घाला. एका नळीत १० मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड, दुसरीत कॅल्शियम पकडणारं ईजीटीए. बफर फॉस्फेटचा नको, कॅल्शियम साक्याच्या रूपात खाली बसतं. तयार इनहिबिटर मिश्रणात ईडीटीए आणि ल्यूपेप्टिन असतील तर क्रिया शून्य दिसेल: पहिलं कॅल्शियम पकडतं, दुसरं थेट मेटाकॅस्पेजच अडवतं. कॅल्शियम सगळ्यात शेवटी घाला आणि पहिल्या मिनिटापासून नोंदी घ्या, कारण मेटाकॅस्पेज ४ स्वतःलाच कापत निष्क्रिय होतं. मेटाकॅस्पेज ९ मात्र या चाचणीत निसटतं. त्याला कॅल्शियम लागत नाही आणि ते आम्लधर्मी सामूवर चालतं.

राहिला मृत्यूचा प्रकार. वनस्पतीत पेशीभित्तिकेमुळे प्राण्यांसारखे पेशीचे तुकडे वेगळे होत नाहीत आणि ते गिळणाऱ्या भक्षक पेशीही नसतात. तंबाखूत मोझेक विषाणूविरुद्धच्या मृत्यूत व्हीपीईमुळे रिक्तिकेचं पटल फुटतं, हे २००४ मध्ये दाखवलं गेलं. प्रत्येक प्रोटिएज मारेकरीही नसतं. मेटाकॅस्पेज १ मृत्यूला चालना देतं, २ त्याला आवर घालतं. जखम होताच ४ क्रमांकाचं मेटाकॅस्पेज पेप१ हा धोक्याचा संकेत मोकळा करतं. काष्ठवाहिनीत ९ क्रमांकाचं काम पेशी मेल्यावर आतला ऐवज साफ करण्याचं.

त्यामुळे मेटाकॅस्पेजसारख्या प्रोटिएजचं जनुक बंद केलेल्या झाडात दोन गोष्टी स्वतंत्र नोंदवा: रिक्तिका फुटली का, आणि फुटल्यानंतर आतलं विघटन किती वेळात पूर्ण झालं.