शिक्षकाच्या चुका आणि पोलिसांचा डाव

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. 'एपिटाफ फॉर अ स्पाय' (1938) मधला वादासी हा भाषाशिक्षक तुम्हाला बावळट वाटला, पोलिस अशा माणसाला हेर शोधायला लावतील हे पटलं नाही, आणि हॉटेलच्या खोल्यांची सरळ झडती घेतली असती तर कादंबरी वीस पानांत आटोपली असती असं तुम्ही म्हणता. झडतीचं आधी बोलू. लेखक एरिक अँब्लरने सगळा डोलारा त्यावरच उभा केला आहे.

रिळाकडे नीट बघा. वादासी फ्रान्समधल्या एका हॉटेलात सुट्टीवर आलेला आहे आणि सरड्यांचे फोटो काढतो. 35 मिमीच्या रिळावर 36 फोटो बसतात आणि ते अख्खी पट्टी म्हणूनच धुतलं जातं. त्या एकाच पट्टीवर सुरुवातीला फ्रान्सच्या तुलाँ इथल्या नौदल तळावरच्या तटबंदीचे फोटो आणि पुढे त्याचे सरडे! म्हणून पोलिस त्याला पकडतात आणि हॉटेलच्या पाहुण्यांतला खरा हेर शोधायला लावतात. सुटे फोटो असते तर 'हे माझे नव्हेत' म्हणता आलं असतं. सलग पट्टीने ती वाट बंद केली. उलगडा एकच उरतो: हॉटेलात दोन सारखेच कॉन्टॅक्स कॅमेरे होते आणि वादासीच्या हाती आलेल्या कॅमेऱ्यात अर्धवट वापरलेलं रीळ होतं.

मग झडतीत काय सापडणार? फार तर वादासीचा स्वतःचा कॅमेरा. 'चुकून उचलला' म्हटलं की विषय संपला. फोटोंचं रीळ आधीच पोलिसांकडे आहे, तेही वादासीने धुवायला टाकलेलं. शिवाय हेराला पैसे देणारा माणूस झडतीची कुणकुण लागताच पसार होणार, आणि पोलिसांना हेराइतकाच तोही हवा आहे.

आता खोट्या चोरीचा प्रसंग. पोलिस अधिकारी बेगँ वादासीला स्वतःच्याच सामानाची चोरी झाल्याची बोंब मारायला लावतो. वादासीलाही हे खुळचट वाटतं, कारण त्यामुळे हॉटेलातले सगळे सावध होतात. तुम्ही याला लेखकाची चूक म्हटलंत, पण तो प्रसंग मुद्दाम तसा रचलेला आहे. 'चोरीला गेलेल्या' वस्तूंच्या यादीत फिल्मची रिळं आहेत. ती नोंद कुणाच्या कानावर जावी म्हणून केली आहे, हे डोक्यात ठेवून तो भाग पुन्हा वाचा. शेवट फोडत नाही.

आणि शिक्षकच का? पहिल्या महायुद्धानंतरच्या, 1920 च्या त्रियानों तहाने वादासीचं गाव हंगेरीकडून युगोस्लाव्हियाकडे गेलं. त्याच्याकडे चालणारा पासपोर्ट नाही. फ्रान्सने हाकललं तर त्याला जायला देशच नाही, आणि सुट्टी संपल्यावर वेळेत पॅरिसला पोचला नाही तर नोकरी जाणार. 'नाही' म्हणायची सोय नसलेला माणूस पोलिसांना आयताच सापडला आहे. मुरलेला हेर असता तर त्याने पाहुण्यांना इतके भोचक प्रश्न विचारलेच नसते. वादासी घाबरून विचारतो, म्हणून लोक बिथरतात आणि एकेकाचं लपवलेलं बाहेर पडतं. यातलं एकही रहस्य हेरगिरीचं नसतं, म्हणून प्रत्येक वेळी त्याचा अंदाज फसतो.

एक मात्र कबूल. मधल्या भागात पाहुण्यांच्या कहाण्या लांबल्या आहेत, आणि निदान दोन ठिकाणी तरी कॅमेऱ्याचा विसरच पडतो. पण नाव बदलून राहिलेल्या जर्मन निर्वासिताची कहाणी त्यात धरू नका. ती काढली तर 1930 च्या दशकातलं युरोप या कादंबरीत उरतच नाही.