तीन इंजिनांच्या ७५७ चा फोटो खराच आहे

पुढच्या दाराजवळ उजव्या बाजूला एक छोटं इंजिन बाहेर आलेलं बोइंग ७५७, म्हणजे एरवी दोनच इंजिनांचं प्रवासी विमान, असा फोटो फिरतोय. त्यावर दोन दावे होताहेत. फोटो बनावट आहे, किंवा विमान सुटं इंजिन पोचवायला निघालंय. दोन्ही चुकीचे.

हे विमानांची इंजिनं बनवणाऱ्या हनीवेल कंपनीचं उडतं चाचणी-विमान होतं. १९८३ मध्ये ते ईस्टर्न एअर लाइन्स या अमेरिकी विमान कंपनीकडे प्रवासी सेवेत गेलं होतं. नंतर हनीवेलने त्याच्या अंगावर आखूड, जाड टेकू बसवला आणि चाचणीचं इंजिन त्यावर असायचं. ते हवेत चालवायचे, मुद्दाम बंद करायचे, पुन्हा सुरू करायचे. ते बंद पडलं तरी मूळची दोन इंजिनं विमान सुखरूप खाली आणायची. खुर्च्या काढलेल्या केबिनमध्ये मोजमापाची उपकरणं आणि अभियंते मावायचे. जुनं प्रवासी विमान निवडतात ते यासाठीच. जुनं म्हणून कुणी त्याला भंगार म्हणतं, ते मला पटत नाही.

चार इंजिनांच्या विमानाने सुटं इंजिन नेताना ते पंखाखाली, धड आणि आतल्या इंजिनाच्या मध्ये टांगतात. तिथे ते चालत नाही, नुसतं ओझं असतं.

प्रत्येक चाचणी-विमानाला जास्तीचं इंजिन असतंच असंही नाही. जीई कंपनीने २०१८ मध्ये बोइंगच्या नव्या ७७७एक्स विमानाचं जीई९एक्स इंजिन चार इंजिनांच्या बोइंग ७४७-४०० वर उडवलं, तेव्हा चारांपैकी एक काढून त्याच जागी ते लावलं होतं. पंख्याचा व्यास सुमारे ३.४ मीटर! बाकीची तीन इंजिनं त्याच्यापुढे खुजी दिसतात, त्यावरून ते लांबूनही ओळखू येतं.