'युजरला ट्रेनिंग द्या' म्हणणाऱ्या इंजिनिअर मित्रांना उत्तर

नवी मुंबईच्या ऐरोली-महापे भागातल्या आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: इंजिनिअरने लॉजिक बघावं, यूएक्स (सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला येणारा अनुभव) म्हणजे वरची रंगरंगोटी, युजर चुकला तर त्याला ट्रेनिंग द्या, युजर टेस्टिंग ही मोठ्या कंपन्यांची चैन, मराठी हवं असेल तर शब्दांची फाईल बदला, आणि युजरला विचारायला गेलात तर तो 'जास्त वेगाचा घोडा'च मागेल. आमच्या टीममध्ये नव्याने आलेल्या मुलाने तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, 'सर, बरोबर आहे ना?' नाही, बरोबर नाही.

रंगरंगोटीचं आधी उरकतो. एखाद्या ठिकाणी हात न्यायला लागणारा वेळ ते ठिकाण किती लांब आणि किती रुंद आहे यावर ठरतो, हे मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्सने १९५४ मध्ये सूत्रासकट मांडलं. ठाणे-वाशी लोकलमध्ये एका हाताने हँडल धरून अंगठ्याने 'रद्द करा' आणि 'पैसे भरा' ही एकमेकांना चिकटलेली बारीक बटणं दाबून बघा, सूत्र लगेच पटेल. रंगसुद्धा मोजायचाच असतो. वेबच्या सुगम्यता निकषांप्रमाणे नेहमीच्या आकाराची अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्यातला उजळपणाचा फरक किमान ४.५ ला १ हवा. यात आवडीनिवडीचा प्रश्न कुठे आला?

ट्रेनिंगचा मुद्दा मात्र सहज सोडून देण्यासारखा नाही, कारण तो ऐकायला रास्त वाटतो आणि नुकसान सगळ्यात जास्त तोच करतो.

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमधल्या एका गाळ्यासाठी आम्ही शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशोबाच्या पावत्या, बनवायचं सॉफ्टवेअर लिहिलं. एकाच शेतकऱ्याचा माल कधी दोन-तीन प्रतींचा असतो, म्हणून पट्टी सेव्ह केल्यावर पुढच्या पट्टीत त्याचंच नाव राहील अशी सोय मीच केली होती. सकाळच्या गर्दीत मेहताजी गोण्या टाकायचे, भाव टाकायचे, सेव्ह करायचे, आणि एखाद्या दिवशी एकाचा माल दुसऱ्याच्या नावावर चढायचा. आम्ही दोनदा जाऊन शिकवलं. तरी चूक होतच राहिली. नाव बदलायचं असतं हे मेहताजींना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. घाईत नजर नावावर जात नव्हती, एवढंच.

न कळल्यामुळे झालेली चूक आणि सगळं कळत असताना हातून झालेली चूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिझाइनवर लिहिणारे मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड नॉर्मन यांनी हा फरक नीट उलगडून दाखवला आहे. पहिलीवर शिकवणं हा उपाय आहे. दुसरीवर नाही, कारण ती तरबेज माणसाकडूनच जास्त होते. आम्ही सेव्हनंतर नाव कोरं केलं, 'याच शेतकऱ्याचा आणखी माल' असं वेगळं बटण दिलं आणि सेव्हच्या बटणावरच शेतकऱ्याचं नाव मोठ्या अक्षरांत आणलं. शिकवायला पुन्हा जावं लागलं नाही.

हे कोडं जुनंच आहे. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ विमानांचे प्रशिक्षित वैमानिक उतरल्यावर फ्लॅपऐवजी (फ्लॅप म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) चाकंच आत घेत होते. मानसशास्त्रज्ञ अल्फॉन्स चॅपानिस यांनी कॉकपिट पाहिलं, तर दोन्ही कळी शेजारीशेजारी आणि सारख्याच दिसणाऱ्या. त्यांनी चाकांच्या कळीला चाकाच्या आकाराची मूठ लावली, फ्लॅपच्या कळीला पाचरीच्या आकाराची. विमानांत चाकांची मूठ आजही चाकासारखीच असते.

आणि थेरॅक-२५. किरणोपचाराच्या या यंत्राने १९८५ ते १९८७ या काळात सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर मात्रा दिली, त्यातले काही दगावले. टेक्सासमधल्या टायलर इथे ऑपरेटरने इलेक्ट्रॉन किरणांच्या 'ई'ऐवजी चुकून एक्स-रेचं 'एक्स' दाबलं, लगेच वर जाऊन 'ई' केलं आणि ती पुढे गेली. यंत्रातले चुंबक सज्ज व्हायला सुमारे आठ सेकंद लागत. तेवढ्या वेळात केलेली दुरुस्ती सॉफ्टवेअरला कळतच नव्हती. पडद्यावर आलं फक्त 'मॅलफंक्शन ५४'. अशा सूचना नेहमीच्याच, म्हणून तिने पुढे चालू ठेवायचं बटण दाबलं. हात संथ असता तर हा दोष वर आलाच नसता. तो आला सरावामुळे. 'युजरला सवय होते' म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण मुळापासून वाचावं, ही माझी कळकळीची विनंती आहे.

चैनीचा हिशोब अगदी लहान आहे. नील्सन आणि लँडॉवर या संशोधकांनी १९९३ मध्ये दाखवलं की त्यांनी पाहिलेल्या प्रकल्पांत एका माणसाच्या चाचणीत सरासरी ३१ टक्के अडचणी उघड होत. म्हणजे प्रत्येक चाचणीतून ६९ टक्के निसटतात. मग पाच जणांत न सापडलेल्या उरतात ०.६९ चा पाचवा घात, म्हणजे साधारण १६ टक्के. तुमच्या कामात ही सरासरी कमी असेल तर माणसं वाढवा. पण पाच माणसं आणि एक दुपार कुठल्या कंपनीला परवडत नाही?

आता शब्दांची फाईल. ठरावीक उंचीच्या बटणात 'तुर्भे' लिहून बघा. खाली उकार, वर रफार आणि मात्रा. इंग्रजीच्या मापाने कापलेल्या चौकटीत रफार उडतो आणि स्टेशनचं 'तुभे' होतं. मराठी कीबोर्डवरून कोणी मोबाइल नंबर ९८ असा सुरू केला तर पडद्यामागे चालणाऱ्या जावास्क्रिप्ट भाषेतलं अंक ओळखायचं चिन्ह बॅकस्लॅश-डी त्याला अंकच मानत नाही, कारण त्याला फक्त इंग्रजी अंक समजतात. सर्व्हरवर वापरल्या जाणाऱ्या पायथन ३ मध्ये मात्र तेच चिन्ह देवनागरी अंक घेतं. म्हणजे सर्व्हरला चालणाऱ्या नंबरावर पडदा 'चुकीचा नंबर' म्हणून ओरडतो, आणि आपल्या भाषेत लिहिणारा माणूस उगाच खजील होतो. मला याचा खरंच राग येतो. पत्त्याचंही तेच. सेक्टर १ वाशीत आहे, ऐरोलीत आहे, नेरूळलाही आहे. 'नोड कोणता' (वाशी, ऐरोली, नेरूळ असं नवी मुंबईचं उपनगर) हे न विचारता सेक्टर मागणारा फॉर्म नवी मुंबईत कधी फिरलेलाच नाही.

राहिला घोडा. 'लोकांना विचारलं असतं तर त्यांनी जास्त वेगाचा घोडाच मागितला असता' हे वाक्य मोटारवाल्या हेन्री फोर्डच्या नावावर खपवलं जातं, पण तो तसं म्हणाल्याचा पुरावा मिळालेला नाही. आणि युजर टेस्टिंग म्हणजे 'तुम्हाला काय हवं' असं विचारणं नव्हेच. काम देऊन गप्प बसायचं आणि बघायचं. मेहताजींना आम्ही विचारलं होतं, तेव्हा ते म्हणाले, 'छान आहे ओ, काही त्रास नाही.' मग एका पहाटे मी गाळ्यात बाकावर नुसता बसून राहिलो. ते आधी वहीत पेन्सिलीने नाव आणि गोण्या लिहीत, मग कॉम्प्युटरवर टाकत, मग वहीत टिक करत. गाडीतून आलेल्या गोण्यांपैकी कितींची पट्टी झाली, हे आमच्या पडद्यावर कुठेच दिसत नव्हतं. वहीचा विषय त्यांनी कधी काढला नव्हता, कारण त्यांच्या लेखी ती सॉफ्टवेअरची गोष्टच नव्हती.

आता पडद्यावर वरच दिसतं: '२१० पैकी १६४ गोण्या झाल्या.' वही अजून गल्ल्याशेजारी आहे. ती आता कशाला लागते, हे बघायला येत्या मंगळवारी पहाटे पुन्हा जातोय, आणि मेसेज पाठवणाऱ्या त्या मुलाला सोबत नेतोय.