‘वासावर गहिवरणारा’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

‘जुना संग्राहक’ या नावाने एका वाचकांनी माझ्या मागच्या लेखावर लांबलचक प्रतिक्रिया दिली आहे. माझ्याकडचे मराठी इंद्रजाल कॉमिक्सचे अंक अमेरिकेत पाठवून ग्रेडिंग करून घ्यायचे नाहीत, असं मी त्या लेखात लिहिलं होतं. ग्रेडिंग म्हणजे एखादी कंपनी अंकाची अवस्था तपासून त्याला आकडा देते आणि तो प्लॅस्टिकच्या डब्यात बंद करून परत पाठवते. त्यावर त्यांचं म्हणणं असं: ग्रेडच्या मापाबद्दल मी चूक लिहिलं, अंकाची मागाहून डागडुजी झाली आहे का हे ग्रेडिंगशिवाय कळत नाही, पुढच्या पिढीला किंमत कळायला काहीतरी पुरावा हवा. आणि शेवटी हे वाक्य: “जुन्या कागदाच्या वासावर गहिवरणाऱ्यांनी संग्रहाच्या गोष्टी इतरांना शिकवू नयेत.”

पहिला मुद्दा मान्य. ९.८ हा सगळ्यात वरचा ग्रेड असं मी लिहिलं होतं, ते चूक. माप ०.५ पासून १० पर्यंत जातं. लेखात दुरुस्ती केली आहे, तुमचे आभार.

आता ते शेवटचं वाक्य. मतभेद असू शकतात, मलाही आवडतात. पण ज्या माणसाला तुम्ही कधी भेटलेला नाहीत, ज्याचा संग्रह पाहिलेला नाही, त्याला ‘गहिवरणारे’ म्हणून मोकळं व्हायचं आणि स्वतःचं नावही सांगायचं नाही, ही कुठली पद्धत? माझं नाव प्रत्येक लेखाखाली असतं.

माझ्या मामांचं पुण्यात रद्दीचं दुकान होतं. पाचवीपासून बारावीपर्यंतच्या सगळ्या सुट्ट्या मी तिथे काढल्या. तागडीवर गठ्ठा चढायच्या आधी मामा सुतळी सोडायचे आणि म्हणायचे, “इंद्रजाल आणि चांदोबा बाजूला काढ.” ते काम माझं. कोणता अंक ठेवायचा आणि कोणता किलोवर जाऊ द्यायचा, हे मी नाकाने ठरवायला शिकलो. हो, वासाने! लगद्याचा स्वस्त कागद वर्षानुवर्षं आम्ल होत जातो, पिवळा पडतो, ठिसूळ होतो. त्याला एक कोरडा, आंबूस वास येतो. तो आला की पान वाकवायचं नाही, कोपरा हातात येतो. ओल लागलेल्या अंकाचा वास कुबट असतो. असा अंक बाकीच्या गठ्ठ्यात ठेवला की बुरशी शेजारच्या अंकांनाही धरते. तेव्हा वास घेणं ही माझी पहिली तपासणी आहे. ग्रेडिंगवालेसुद्धा पानं पांढरी आहेत, सायीच्या रंगाची झाली आहेत की ठिसूळ, याची नोंद लेबलवर करतात. एकाच गोष्टीचा अंदाज ते डोळ्यांनी घेतात, मी नाकानेही घेतो. यात गहिवर कुठे आला?

आणि मी ग्रेडिंगच्या वाटेला कधी गेलोच नाही, असं तुम्ही गृहीत धरलंत. नोकरीनिमित्त मी न्यू जर्सीत सहा वर्षं होतो. तिथल्या एका दुकानातून मार्व्हलच्या ‘इन्क्रेडिबल हल्क’ कॉमिकचा १८१ वा अंक घेतला, १९७४ चा, ज्यात वुल्व्हरिन हा सुपरहिरो पहिल्यांदा पुरता दिसतो. पिशवीत, मागे पुठ्ठा लावलेला, देखणा अंक. मी तो सीजीसी या ग्रेडिंग कंपनीकडे पाठवला. तिचं काम २००० सालापासून चाललं आहे. अंक परत आला तो हिरव्या लेबलसह, म्हणजे अंकात एक मोठा दोष आहे अशा शेऱ्यासह. त्या काळात मार्व्हलच्या अंकांत वाचकांच्या पत्रांच्या पानावर कापून चिकटवायचा एक स्टॅम्प छापलेला असे. माझ्या अंकातला तो कोणीतरी लहानपणी कात्रीने नीट कापून घेतला होता. दुकानदाराने सांगितलं नाही, मी पानं उलटून पाहिली नाहीत. भरलेले पैसे पाण्यात गेले. तेव्हा ग्रेडिंग काय पकडतं, हे मला तुम्ही सांगायला नको. मी ते स्वतःच्या खिशातून शिकलो आहे.

पण हल्क १८१ ला जगभर गिऱ्हाईक आहे. त्याचे हजारो अंक ग्रेड झालेले आहेत, त्यामुळे ७.५ आणि ८.० मधल्या फरकाला भाव मिळतो. मराठी इंद्रजालचा तसा बाजार मला तरी दाखवा. टाइम्सने १९६४ ते १९९० इंद्रजाल चालवलं, वेताळ आणि मॅन्ड्रेक मराठीत बोलू लागले, पुढे आबिद सुरतींचा बहादूर आला. हे अंक मुलांनी वाचून वाचून फाडले. जे उरले ते घेणारे आमच्यासारखे काहीजण, एकमेकांना ओळखणारे. त्यांना प्लॅस्टिकच्या डब्यात बंद केलेला अंक नको असतो, पान उलटून बघायचं असतं. डबा फोडला की ग्रेड गेला. आणि जाण्यायेण्याचं टपाल, विमा, फी धरली तर खर्च अंकाच्या किमतीच्या कितीतरी वर जातो.

माझ्याकडे वेताळाचा एक अंक आहे. गोविंद यांनी रंगवलेलं मुखपृष्ठ, दोन्ही पिना गंजलेल्या, पिनेभोवती तपकिरी वर्तुळ आणि मधलं पान एका पिनेवरून सुटलेलं. आतल्या पहिल्या पानावर निळ्या शाईत माझ्या थोरल्या बहिणीचं नाव, खाली ‘इयत्ता ४ थी ब’. शाई थोडी फुटली आहे, ‘ब’ पाठीमागच्या चित्रापर्यंत उतरला आहे. ग्रेडिंगच्या हिशेबात गंज हा दोष, सुटलेलं पान हा दोष आणि ते नावही दोषच. आकडा दोनच्या आसपास येईल. तिथे दोनला ‘गुड’ म्हणतात. बहिणीला जाऊन नऊ वर्षं झाली. तो अंक मी डब्यात बंद करणार नाही, आणि त्यासाठी मला कोणाची परवानगी नको.

डागडुजीचं म्हणाल, तर रद्दीतून थेट माझ्या हातात आलेल्या अंकांची डागडुजी कोण करणार? पुढच्या पिढीचं माझी पुढची पिढी बघेल. माझी भाची आत्ताच अंकांची वही ठेवते, प्रत्येकापुढे पानांची अवस्था आणि पिना कशा आहेत ते लिहिते.

तुमच्याकडे मराठी इंद्रजालचे ग्रेड केलेले अंक असतील तर घेऊन या, माझे पुण्यात बघायला मिळतील. खरं नाव सांगून या. हात धुऊन, कोरडे करून मगच अंकाला हात लावायचा, हा आमच्या घरचा नियम तुम्हालाही लागू राहील.