जुना पीसी भंगारात देण्याआधी एवढं तपासा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: जुना पीसी अपग्रेड करणं म्हणजे पैसे पाण्यात, सरळ नवा घ्या, गेमिंगला आय सेव्हनच (इंटेलचा वरच्या दर्जाचा प्रोसेसर) लागतो, ग्राफिक कार्ड जास्त जीबीचं बघून घ्या, एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) कुठलाही चालतो, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात लिक्विड कूलर नसेल तर पीसी जळतो. शेतात, दुकानात राबून पैसे जमवणारी पोरं हा मेसेज पुढे करून विचारतात, ‘दादा, कितला पैसा लागतीन?’ यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य त्यांच्या खिशाला चाट लावणारं आहे. म्हणून एकेक घेऊन उत्तर देतो.

अपग्रेड वाया जातं का, हे मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड) कोणता आहे त्यावर ठरतं. एएमडी कंपनीचं एएम४ सॉकेट, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसवायची जागा, २०१६ साली आलं आणि २०२५ पर्यंत त्यासाठी नवे प्रोसेसर येत राहिले. चोपड्याच्या एका कॉलेजच्या पोराकडे रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० बोर्ड (एएम४ सॉकेटचा), ८ जीबीची एकच रॅम आणि जीटीएक्स १०५० टीआय कार्ड होतं. व्ही-सिंक (फ्रेमना स्क्रीनच्या वेगाशी बांधणारी सेटिंग) बंद करून गेम चालू ठेवला आणि टास्क मॅनेजर उघडला, तर ग्राफिक कार्ड सतत ९८-९९ टक्क्यांवर. म्हणजे प्रोसेसरला अजून वाव होता, दम कार्डाचा संपला होता. त्याला आरएक्स ६६०० कार्ड, ८ जीबीची दुसरी रॅम आणि चांगला एसएमपीएस एवढंच लागलं. पुढे गरज पडली तर बायोस (बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर) अपडेट करून त्याच बोर्डावर रायझन ५ ५६०० बसेल.

उलट, फ्रेम कमी मिळताहेत आणि कार्ड साठ-सत्तर टक्क्यांवरच रेंगाळतंय, तर बहुतेक वेळा अडचण प्रोसेसरची किंवा रॅमची असते. इथे प्रोसेसरचा एकूण टक्का बघून फसू नका. प्रोसेसरच्या बारापैकी एक-दोन थ्रेड (एकाच वेळी काम करणाऱ्या वाटा) पूर्ण भरले तरी एकूण आकडा चाळीसच दिसू शकतो. कार्डाचा आकडा बघा.

जुन्या इंटेल बोर्डांबाबत मात्र मेसेज अर्धा खरा आहे. सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डावर आठव्या-नवव्या पिढीचा प्रोसेसर चालत नाही, सॉकेटचं नाव सारखं असलं तरी. तिथे बोर्ड बदलावाच लागतो. पण चालू असलेली डीडीआर४ रॅम उगाच फेकू नका. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले, आणि डीडीआर५ बोर्डावर जायचं म्हटलं की सगळी रॅम नव्याने घ्यावी लागते. बाराव्या पिढीचे डीडीआर४ वर चालणारे बोर्डही मिळतात, ते आधी विचारा.

आय सेव्हनचं उत्तर छोटं आहे. नुसत्या नावाला अर्थ नाही, पिढी बघा. ऑफिसातून निघालेल्या सेकंडहँड मशीनवर ‘आय सेव्हन’ लिहिलेलं असतं, आत २०१३ चा, चौथ्या पिढीचा आय७-४७७० निघतो. २०२२ चा आय३-१२१०० गेमिंगमध्ये त्याच्या पुढे आहे. शिवाय विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत ही चौथी पिढी नाही. मधल्या दर्जाच्या कार्डाला रायझन ५ ५६०० किंवा आय५-१२४००एफ पुरतो. फक्त नावातल्या ‘एफ’कडे लक्ष द्या. त्यात ग्राफिक्स नसतं, कार्ड बिघडलं की स्क्रीन काळी.

‘जास्त जीबीचं कार्ड घ्या’ हा सल्ला मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण याच वाक्यावर जुना माल खपतो. जीटी ७३० हे २०१४ चं कार्ड आजही ‘४ जीबी ग्राफिक कार्ड’ म्हणून गळ्यात मारलं जातं. जीटीएक्स १६५० सुद्धा ४ जीबीचंच. पण जीटी ७३० च्या ६४-बिट डीडीआर३ प्रकारात मेमरीचा वेग सेकंदाला साधारण १४ जीबी, आणि जीटीएक्स १६५० च्या जीडीडीआर५ प्रकारात १२८ जीबी. जीबीचा आकडा म्हणजे नुसतं गोदाम किती मोठं ते. माल आत-बाहेर किती वेगाने होतो, हे त्यावरून कळत नाही. आधी चिपचं पूर्ण नाव विचारा, मग मेमरीचा प्रकार, मग जीबी. नव्या मोठ्या गेममध्ये ८ जीबी अपुरी पडू लागली आहे हे खरं, पण तो प्रश्न असे गेम खेळायला मोठं कार्ड घेणाऱ्यांचा.

एसएमपीएस कुठलाही चालतो, हे तर धोकादायक आहे. स्वस्त एसएमपीएस उलटा करून त्याचं स्टिकर वाचा. वर मोठ्या अक्षरात ४५० वॅट, आणि खाली १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर. बारा गुणिले अठरा, २१६ वॅट झाले. प्रोसेसर आणि कार्ड प्रामुख्याने याच १२ व्होल्टवर चालतात. एकटं आरटीएक्स ३०६० हेच १७० वॅटचं. त्यात प्रोसेसर धरला की हिशोब कोलमडतो. गेम ऐन रंगात येतो आणि पीसी बंद पडतो, त्यामागे बरेचदा हेच असतं. त्यातून आपल्याकडे व्होल्टेज खाली-वर होतं, आणि असल्या डब्यात संरक्षणाची सर्किटं असतीलच याची खात्री नसते. यूपीएसचंही तेच: ६०० व्हीए म्हणजे बहुतेक ३६० वॅट. नवं कार्ड बसवण्याआधी ही बेरीज कागदावर करा.

आता लिक्विड कूलर. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या घरात जातो, म्हणून ही भीती लगेच पटते. पण लिक्विड कूलरही शेवटी उष्णता खोलीतल्याच हवेत सोडतो. खोलीच्या तापमानाखाली तो प्रोसेसर नेऊ शकत नाही. खोली २५ अंशांवर असताना प्रोसेसर ६५ वर राहत असेल, तर खोली ४२ वर गेल्यावर तो साधारण ८२ वर जाईल. आय५-१२४०० ची मर्यादा १०० अंश आहे, आणि तिथे पोचला तरी तो जळत नाही, स्वतःहून वेग कमी करतो. शिवाय गेम खेळताना जास्त उष्णता ग्राफिक कार्डाची असते, आणि प्रोसेसरवरचा लिक्विड कूलर त्या कार्डाला शिवतही नाही.

तेच पैसे पुढून जाळी असलेल्या कॅबिनेटवर, पुढे दोन आणि मागे एक पंख्यावर घाला. पुढून बंद काच असलेलं कॅबिनेट दिसायला छान, पण हवा घेणार कुठून? उन्हाळ्यापुरती कार्डाची पॉवर लिमिट (कार्ड किती वीज ओढेल त्याची मर्यादा) ८० टक्क्यांवर आणा. फ्रेम थोड्याच घटतात, उष्णता मात्र बरीच उतरते. एप्रिल लागायच्या आत ब्लोअरने धूळ काढा, प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट सुकली असेल तर बदला. आणि खोलीत वाळ्याचा कूलर लावत असाल तर त्याचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका, पाण्याचे बारीक थेंब सरळ पंख्यातून आत ओढले जातात.